कापड जिथं उसवतं तिथून

अंबाजोगाईची एक मुलगी आयटीआयचा ड्रेस मेकिंगचा कोर्स पुरा करून घरी बसली आहे. तिनं मला तीन गोष्टी विचारल्या. 'ताई, तुम्ही कपडे शिवून देत नाही, नुसते कागदाचे पॅटर्न विकता, मग दिवसभर नेमकं करता काय? नवीन नवीन सुचतं कुठून? आणि लातुरात राहून यावर घर चालतं का?' फोनवर पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी काम काय ते सांगते, कारण आमच्या गल्लीत अजूनही मला 'शिलाईवाली' म्हणूनच ओळखतात. टेलर समोरच्या माणसाचं माप घेतो आणि त्या एका माणसापुरतं कापड बेततो. मी जिला कधी बघणारही नाही अशा बाईसाठी बेतते. कागदावर पाठ, पुढा, बाही, गळपट्टी यांचे आकार काढायचे. ते २८ पासून ४४ छातीपर्यंत नऊ मापांत वाढवायचे. कुठला तुकडा कुठं आणि कुठल्या क्रमानं जोडायचा ते सोप्या मराठीत लिहायचं. मग त्याचं पाकीट करून विकायचं. घरी मशीन असलेल्या बाया, खेड्यातले छोटे टेलर आणि बचत गट ही माझी गिऱ्हाइकं. जगात हा धंदा जुना आहे. अमेरिकेत एबनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले, आणि घरोघरी शिवणाऱ्या बायकांच्या हातात कापणीची विद्या गेली. आपल्याकडं शिवण शिकवणारे पुष्कळ, पण कापणी म्हणजे मास्तरची झाकली मूठ. ती उघडायची हे माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं.

त्याला कारण माझी आई. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमची एक भिंत गेली, माणसं वाचली, आणि आईचं हातमशीन पत्र्याच्या पेटीखाली शाबूत सापडलं. पुढं कितीतरी दिवस ट्रकनं कपडे येत होते. देणाऱ्यांनी मनापासून दिले होते. पण नऊवारी नेसणाऱ्या म्हातारीच्या हातात गाऊन यायचा, सहा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाची पॅन्ट. आईनं ते ढीग उसवायला घेतले. शिवण उसवायची, कापड सरळ करायचं, जुन्या पेपरवर आकार काढायचा आणि पुन्हा कापायचं. टेप नव्हता. ती सुतळीला गाठी मारून माप घ्यायची: छातीची एक गाठ, कमरेची एक, बाहीची एक. प्रत्येक पोराची सुतळी वेगळी, खुंटीला टांगलेली. पॅन्टच्या एका पायातून झबलं-टोपरं कसं निघतं ते मी तिच्या शेजारी बसून बघितलं. पेपरची ती कापणी ती शेजारणींनाही द्यायची, 'घे, तुझ्या पोराला दोन बोटं वाढवून काप' म्हणून. मी आज जे विकते ते तेच आहे, फक्त कागद जाड झालाय.

आता सुचण्याबद्दल. हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा पैठणी, हिमरू, अजिंठा असं उत्तर हवं असतं. त्यांचंही देणं आहे, पुढं सांगते. पण मला सगळ्यात जास्त सुचतं ते उसवलेल्या कपड्यातून. वापरून वापरून विटलेला कपडा हातात आला की मी आधी त्याची काख बघते. मग पाठीकडचा मुंढा, म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात ती गोलाई, मग कोपर, मग खिशाचे कोपरे. कापड जिथं विरलंय, शिवण जिथं उसवलीय, जिथं बाईनं घाईत हातानं चार टाके घातलेत, तिथं अंगाचं आणि कापणीचं जमलेलं नसतं. ती जागा सापडली की पॅटर्नला सुरुवात होते.

आमच्या भागात सोयाबीन काढायला बाया साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात हे तू बघितलंच असशील. नवऱ्याचा जुना, नाहीतर पोराचा कॉलेजचा. ऊन असतं, वाळलेल्या शेंगांची टोकं टोचतात, अंगाला कूस लागते, त्यामुळं शर्टाशिवाय भागत नाही. दहाएक वर्षांपूर्वी मामाच्या शेतात बांधावर बसले होते. सहा बाया ओळीनं सोयाबीन काढत होत्या, पाठमोऱ्या. त्यातल्या पाचजणींचा शर्ट एकाच जागी फाटलेला: उजव्या मुंढ्याच्या मागं, खांद्यापासून चार बोटं खाली. एकीनं तिथं पोत्याचा दोरा भरला होता, तोही तुटून लोंबत होता. मी उठून मागं मागं चालायला लागले तशी त्यातली थोरली मावशी थांबली.

"काय बघलालीस गं?"

"मावशी, शर्ट बघतेय."

"शर्टात काय बघायचंय? फाटकाच हाय."

मी पिशवीतून टेप काढला आणि तिला म्हटलं, सरळ उभी राहा. दोन मुंढ्यांमधली पाठ साडेतेरा इंच भरली. मग म्हटलं, आता विळा धरून वाक, हात पुढं ने. तीच पाठ सोळा. अडीच इंचांचा फरक. शर्ट पुरुषाचा असल्यामुळं कापड तसं ढगळ होतं, पण पाठ पसरताना ते ढगळपण खाली कमरेशी लोंबत राहतं, हवं तिथं येत नाही. दिवसातून शेकडो वेळा तो ताण एकाच शिवणीवर पडतो. मग ती शिवण जाणारच.

इथं एक गैरसमज सांगते, कारण तुलाही शिकवताना कुणीतरी हेच सांगितलं असेल. हात अडकतो म्हटलं की टेलर मुंढा खोल करून देतात. होतं उलटंच. मुंढा जितका खोल तितकी बाही कमरेकडून निघते, आणि हात वर केला की आख्खा शर्ट वर ओढला जातो. हात मोकळा हवा असेल तर मुंढा काखेजवळ ठेवायचा आणि काखेत जास्तीचं कापड द्यायचं. ते कसं द्यायचं याचं उत्तर मला आजोबांच्या पेटीत मिळालं. त्यांची हातानं शिवलेली बंडी होती, तिला गोल मुंढाच नव्हता. सगळे सरळ तुकडे, आणि काखेत एक छोटा चौकोन, चौबगला. हा चौकोन असा बसवतात की त्याचं एक टोक बाहीच्या शिवणीकडं आणि समोरचं टोक अंगाच्या शिवणीकडं जातं. हात वर गेला की ताण चौकोनाच्या कर्णावर येतो, म्हणजे कापडाच्या उरेब, तिरप्या रेषेवर. उभ्या-आडव्या धाग्यात कापड ताणत नाही, उरेब ताणतं. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं त्यानं शाळा बघितली नसेल, पण कापड त्याला पुरतं कळलं होतं.

मी साडेतीन इंचांचा चौबगला घेतला, पाठीला खांदापट्टीखाली एक पेटीची चुणी दिली, कमरेखाली दोन्ही बाजूंना चीर ठेवली कारण खाली ओचा खोचलेला असतो. मांजरपाटाचे, म्हणजे साध्या जाड्याभरड्या सुती कापडाचे, पाच शर्ट शिवले आणि त्याच बायांना काढणीभर घालायला दिले. दिवाळीनंतर ते परत मागून घेतले, न धुता. बायांना ते विचित्र वाटलं, पण मला मातीचे, घामाचे डाग कुठं आहेत ते बघायचं होतं. काखा पाचही शर्टांच्या शाबूत होत्या. पण खिसे मात्र चुकले होते. मी छातीवर ठेवलेला खिसा कुणीच वापरला नव्हता. मावशी म्हणाली, "वाकलं की मोबाईल ढेकळात जातोय. खिसा खाली घे की, अन् बटण लाव त्याला." दुसरीनं सांगितलं की बटणं मोठी कर, संध्याकाळपर्यंत बोटं इतकी सोललेली असतात की बारीक बटण धरवत नाही. या दोन्ही गोष्टी मला घरात बसून शंभर वर्षं सुचल्या नसत्या. तो शर्ट आज माझा सगळ्यात जास्त जाणारा पॅटर्न आहे. दसऱ्याआधी महिनाभर त्याचीच पाकिटं भरते.

अशीच दुसरी शिकवण तांड्यावरची. उदगीरच्या वाटेवरच्या एका तांड्यात एका बंजारा आजीनं मला तिची काचळी, म्हणजे चोळी, उसवून बघू दिली. आरशांचं आणि टाक्यांचं काम बघून कुणाचेही डोळे दिपतील, पण मी बघत होते तिची मागची उघडी पाठ आणि नाड्या. लग्नात शिवलेली काचळी तिनं चार बाळंतपणांत आणि म्हातारपणीही घातली होती, कारण अंग वाढलं-उतरलं तर फक्त नाडी सैल-घट्ट करायची. आपल्या खणाच्या चोळीची पुढची गाठही तेच करते. एक गाठ बाईला वीस वर्षं पुरते. आणि आपण फिटिंगच्या नावाखाली असा ब्लाऊज शिवतो की दोन किलो वजन वाढलं तर तो कपाटात जातो. त्या काचळीवरून मी बाळंतिणीसाठी एक ब्लाऊज केला. पाकिटावर 'बंजारा काचळीच्या बांधणीवरून' असं छापते. तिच्या भरतकामाचे नमुने मात्र मी घेतले नाहीत, घेणारही नाही. बांधणी सगळ्यांनी शिकावी अशी गोष्ट आहे. टाके त्या बायकांची ओळख आहेत आणि त्यावर त्यांचंच पोट चालावं.

अजिंठ्याला मी दोनदा गेले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचं, अंगासरशी बसणारं शिवलेलं वस्त्र आहे. पाचव्या शतकाच्या शेवटी रंगवलेलं हे चित्र. तिचा हात वळलेला आहे आणि मला तिच्या बाहीवरच्या सुरकुत्या बघायच्या होत्या, पण उजेड मंद, गर्दी पुढं ढकलत होती. त्यावरून पॅटर्न झाला नाही. पैठणीचं म्हणाल तर ती मला वेगळ्या प्रकारे शिकवते. पैठणीच्या काठावरचा मोर कापता येत नाही. बाहीचा आकार त्या मोरापासून सुरू करावा लागतो आणि मुंढा त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो.

दिवस कसा जातो ते सांगते. लातुरात दिवसाची आखणी नळाला पाणी कधी येणार यावरून होते. पाण्याच्या दिवशी कागदाला हात लागत नाही, कारण त्या दिवशी कापड भिजवायचं असतं. सुती कापड, त्यातही खादी, बेतण्याआधी पाण्यातून काढून वाळवली नाही तर शिवल्यावर आटते आणि माझं सगळं गणित खोटं पडतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तीन महिने चाचणीचा एकही कपडा शिवला नाही. प्यायला घागर मोजून भरायची, तिथं कापड कशात भिजवणार? त्या काळात फक्त कागद कापले आणि पावसाळ्यात त्यातले निम्मे फेकून दिले.

इतर दिवशी सकाळी सहा ते दहा रेखाटन. उजेड कोवळा असतो, फोन वाजत नाही. प्लायवूडचा आठ बाय चारचा पाट, त्यावर खाकी कागद, गज, फ्रेंच कर्व, टेप, ट्रेसिंगचं दातेरी चाक. संगणकावर मी सात वर्षांपूर्वी आले. इंकस्केप आणि सीमली ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, महागडं काही घ्यायला नको. पण पहिला आकार अजूनही हातानंच काढते, कारण मुंढ्याचं वळण मनगटाला कळतं. दहानंतर चाचणीची शिवण. दुपारी पाकिटं बांधून पोस्टात. आठवड्यातून एकदा गंजगोलाईत जाते. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि कुठल्या रस्त्यावर कुठलं कापड स्वस्त पडतं ते मला पाठ आहे. मांजरपाट मी ताग्यानं घेते. नवीन पॅटर्नला तीनपासून आठपर्यंत चाचण्या लागतात. मांजरपाटाचे हे तुकडे वाया जात नाहीत, आई त्यांची वाकळ शिवते.

संध्याकाळी फोन. 'ताई, बाही उलटी बसली.' 'ताई, पुढा लांब होतोय.' हे फोन मी कंटाळा न करता घेते आणि तूही घे. तीन वेगवेगळ्या बाया एकाच पायरीवर अडल्या की चूक त्यांची नसते, माझ्या लिहिण्याची असते. लिहिणं हा या कामाचा निम्मा भाग आहे, हे कोर्समध्ये कुणी सांगत नाही. मी इंग्रजी शब्द टाळते असं नाही. प्रिन्सेस कटला प्रिन्सेस कटच म्हणते, कारण बाया तेच म्हणतात. पण जिथं आपला शब्द जिवंत आहे तिथं तोच लिहिते: मुंढा, टीप, धावदोरा, चुणी, उरेब पट्टी, सुलटी बाजू. आणि माया. शिवणीच्या बाहेर जे कापड राखून ठेवतो त्याला आपल्या बायका माया म्हणतात. 'माया सोड गं, नंतर उपयोगी पडते', असं आई सांगायची.

ती मी एकदा कमी सोडली होती, ते तुला सांगितलंच पाहिजे. पॅटर्न मोबाईलवर पाठवून घरी छापायची सोय मी नवीनच सुरू केली होती. पानावर तपासणीचा चौकोन ठेवायला विसरले, आणि बाजूची माया अर्धा इंच दिली. पैठणच्या एका मुलीनं तो ब्लाऊज झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. मशीननं 'फिट टू पेज' करून तो ९७ टक्क्यांवर छापला. ऐकायला तीन टक्के काहीच वाटत नाहीत. पण ३६ इंचांचे ३५ झाले, मुंढा आखडला, बाही दंडात अडकली. आणि कापड काय होतं? आईच्या पैठणीचा ब्लाऊजपीस, वीस वर्षं जपून ठेवलेला. ती एसटीनं लातूरला आली, पिशवीतून तो काढून माझ्या पाटावर ठेवला, काही बोलली नाही. लग्न चार दिवसांवर होतं. अर्ध्या इंचाच्या मायेत सोडायला काही उरत नव्हतं. शेवटी दोन्ही काखा उसवल्या, उरलेल्या काठाचे दोन बारीक चौकोन काढले आणि चौबगले बसवले, शेतातल्या शर्टासारखे. हात वर केल्यावर काखेत जांभळ्या काठाची रेघ दिसायची. ती म्हणाली, छान दिसतंय. मला रात्रभर झोप लागली नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन असतो आणि त्याखाली मोठ्या अक्षरात: 'आधी हे एकच पान छापा. चौकोन पट्टीनं मोजा. एक इंच भरला तरच पुढची पानं छापा.' छापताना १०० टक्के किंवा अॅक्च्युअल साइज निवडायला सांगते. आणि बाजूची माया एक इंच. लोक म्हणतात कापड जास्त लागतं. लागू दे.

मापं वाढवणं, म्हणजे ग्रेडिंग, हा नव्या मुलींचा हमखास चुकणारा भाग आहे. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. ध्वजाचे ठरलेले आकार नऊ, सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००, आणि सगळ्यांचं प्रमाण ३:२. माझीही मापं नऊच. पण ध्वज मोठा करताना सगळं एका प्रमाणात वाढतं, बाईचं अंग तसं वाढत नाही. ३६ वरून ३८ ला गेलं की छाती दोन इंच वाढते, म्हणजे पुढ्याच्या आणि पाठीच्या प्रत्येक अर्ध्याला अर्धा इंच. गळा त्या हिशेबानं वाढवला तर ४४ चा ब्लाऊज खांद्यावरून घसरतो. खांदा जेमतेम एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढतो, उंची जवळजवळ वाढतच नाही. झेरॉक्सवर मोठं करून माप वाढवायचा उद्योग कधी करू नकोस.

आणि मापांचे तक्ते डोळे झाकून घेऊ नकोस. निफ्टनं, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, देशातल्या २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेण्याचं काम हाती घेतलं, ते फार मोलाचं आहे. पण त्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत आपल्याला सगळ्यात जवळचं हैदराबाद. आपल्याकडं खुरपणारी, घागर-भारा वाहणारी बाई छातीला ३४ असली तरी तिचा दंड आणि पाठ तक्त्यातल्या ३४ पेक्षा भरतात. म्हणून मी स्वतःची वही ठेवते. बचत गटाच्या शिबिराला गेले की बायांना विचारून मापं घेते, नाव लिहीत नाही, काम काय करते एवढं लिहिते. टेप लावताना बाई श्वास ओढून धरते. तिला काहीतरी विचारायचं, बोलतं करायचं, आणि ती बोलायला लागली की माप वाचायचं.

पैशाचं थोडक्यात. कागदी पाकीट १५० रुपयांना, मोबाईलवर ९० ला. दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत बरं जातं, आषाढात हात रिकामे. नुसत्या पॅटर्नवर माझं घर पहिली पाच वर्षं चाललं नाही. तेव्हा मी शिलाई आणि क्लास दोन्ही करत होते. आजही वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा गटांना शिकवण्याचा आणि शाळेच्या गणवेशाच्या कापणीचा आहे. नक्कल होते. माझ्या शर्टाच्या कापणीच्या झेरॉक्स बाजारात मिळतात. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करता येते, दहा वर्षं मिळतात आणि पुढं पाच वाढतात. मी एकदा चौकशी करून आले आणि नोंदणी केली नाही, कारण चौबगला माझ्या आजोबांच्या बंडीतला आहे आणि त्यांच्या आधीही कुणाच्या तरी बंडीत होता. ज्यांना मराठीत नीट लिहिलेलं आणि अडल्यावर फोन उचलणारं माणूस हवं असतं, त्या माझ्याकडून घेतात.

आमच्याकडं येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, आख्खं लातूर शेतात जातं. भज्जी, आंबील, उंडे, कडब्याची कोप, पोरं दिवसभर रानात. मागच्या वर्षी माझ्या भाचीनं नव्या फ्रॉकच्या ओटीत बोरं आणि हरभऱ्याचे घाटे भरले, आणि घरी येईपर्यंत फ्रॉकचा पुढा कमरेशी उसवला. तिची आई रागावली. मी तो फ्रॉक धुवायच्या आधी मागून घेतला. ओटी धरताना पोर कापड दोन मुठींत कुठं पकडते ते सुरकुत्यांवरून स्पष्ट दिसत होतं. आता त्या जागी दोन झोळीसारखे खिसे असलेला पॅटर्न पाटावर आहे, चौथी चाचणी चालू आहे. खिशाचं तोंड अजून बोरांच्या वजनानं पसरतं, तिथं उरेब पट्टीऐवजी उभ्या धाग्याची पट्टी लावून बघायची आहे.

तुला यात पडायचं असेल तर कागद-गज घ्यायच्या आधी एक कर. घरात आईचा किंवा आजीचा, अगदी टाकून द्यायला काढलेला ब्लाऊज शोध. कात्रीनं फाडू नकोस, ब्लेडनं एकेक टाका सोडव. तुकडे इस्त्री कर, खाकी कागदावर ठेव, कडेनं पेन्सिल फिरव. उभा धागा कुठल्या दिशेला आहे त्याची रेघ ओढ. मग शिवण जिथं आधीच तुटलेली होती, कापड जिथं विरळ झालं होतं, तिथं लाल पेन्सिलीनं खूण कर आणि तो ब्लाऊज जिचा आहे तिला विचार, इथं काय व्हायचं गं? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर लिही. मग तो कागद घेऊन लातूरला ये. पाण्याचा दिवस सोडून.